ॲम्फेटामाईन चाचणी

लघवीत सापडलेले ॲम्फेटामाईन डॉक्टरांनी लिहून दिलेले की चोरट्या बाजारातले, हे ठरवण्याची प्रयोगशाळेतील पद्धत. लाझार एडेलेआनू या रुमानियन रसायनशास्त्रज्ञाने १८८७ मध्ये बर्लिनला हे उत्तेजक प्रथम तयार केले. अमेरिकेत अतिचंचलतेवर, म्हणजे एडीएचडीवर, ते ‘ॲडरॉल’सारख्या नावांनी दिले जाते. तिथल्या बेकायदा बाजारात मात्र त्याचे भावंड, मेथॲम्फेटामाईन ऊर्फ मेथ, जास्त खपते.

पहिली चाचणी प्रतिपिंडांवर चालते. स्वस्त, झटपट आणि बरीचशी ढोबळ. सर्दीच्या गोळीतले स्यूडोएफेड्रीन किंवा रक्तदाबावरचे लॅबेटालॉलही तिला चकवते. एवढ्यावरून कोणाला नशेबाज ठरवणे हा शुद्ध अन्याय होय. नेमका रेणू ओळखते ती मास स्पेक्ट्रोमेट्री. मेथचा काही भाग शरीरात ॲम्फेटामाईन बनतो, उलटे घडत नाही. म्हणून नमुन्यात मेथ निघाले, तर ‘मी ॲडरॉल घेतो’ हा खुलासा टिकत नाही. एडीएचडीवरचे दुसरे औषध ‘रिटालिन’ म्हणजे मिथाइलफेनिडेट. त्याचा माग रिटालिनिक आम्लावरून वेगळा काढावा लागतो.

पुढचा पेच डाव्या-उजव्याचा. हे रेणू दोन हातांसारखे परस्परांचे प्रतिबिंब असतात. ॲडरॉलमध्ये उजवे-डावे प्रमाण ३:१, तर युरोपातल्या बेकायदा ‘स्पीड’मध्ये बहुधा निम्मे-निम्मे. नशा मुख्यतः उजव्या मेथची. डावे अमेरिकेत नाक मोकळे करणाऱ्या इनहेलरमध्येही असते. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचा स्कीपटू ॲलन बॅक्स्टर याने स्लॅलममध्ये कांस्यपदक मिळवले आणि लगेच गमावलेही. त्याने तिथे घेतलेल्या व्हिक्स इनहेलरमध्ये डावे मेथ होते. ब्रिटनमधल्या इनहेलरमध्ये ते नसते. क्रीडा लवादाने त्याचा प्रामाणिकपणा मान्य केला, पदक दिले नाही. बंदीच्या नियमाला डावे-उजवे ठाऊक नव्हते.

रुग्णाने घेतलेली ॲडरॉलची गोळी आणि मित्राकडून उसनी घेतलेली तीच गोळी यांत मात्र कोणतेही यंत्र फरक करू शकत नाही. तिथे डॉक्टरांची चिठ्ठीच तपासावी लागते. भारतात १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली ॲम्फेटामाईन आणि मिथाइलफेनिडेट दोन्ही नियंत्रित आहेत. परदेशातून अशी औषधे आणणाऱ्याने निघण्यापूर्वीच नियम विचारून घ्यावेत.