पोथीपासून पाटीपर्यंत

ग्रंथाचे रूप पालटले की वाचणाऱ्याच्या मनात प्रथम संशय उत्पन्न होतो, हा आपल्याकडील जुनाच अनुभव आहे. छापण्याचे यंत्र गोव्यात १५५६ सालीच येऊन पोहोचले होते. तरी महाराष्ट्रात हस्तलिखित पोथीचे राज्य त्यानंतरही पावणेतीनशे वर्षे चालू राहिले. पुढे मुंबईस गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढले, तेव्हा सोवळी मंडळी छापील कागदास शिवण्यास तयार होईनात. शाईत चरबी असते, हा त्यांचा आक्षेप. गणपत कृष्णाजींनी चरबीऐवजी तूप घालून शाई केली आणि आक्षेपाची धार बोथट झाली. कालांतराने छापील पंचांग घरोघर गेले.

आज पुस्तक पुन्हा एकदा रूप पालटीत आहे. हाती धरण्याच्या पाटीएवढ्या यंत्रावर ते उमटू लागले आहे. या पाटीविषयी जे संशय ऐकू येतात, त्यांपैकी किती शाईतल्या चरबीच्या जातीचे आणि किती खरे, हे आपण पाहू.

या यंत्राची कुळकथा फार लांब नाही. १९७१ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट यांनी एक ऐतिहासिक जाहीरनामा संगणकावर टंकून सर्वांस मोफत खुला केला. 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' या उपक्रमाचा तो आरंभ होय. परंतु चकाकणाऱ्या पडद्यावर तासन्‌तास वाचणे डोळ्यांस जड जाई. या अडचणीवर 'ई इंक' या १९९७ साली स्थापन झालेल्या कंपनीने उपाय काढला. पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. त्यांत परस्परविरुद्ध विद्युत्‌भाराचे काळे व पांढरे कण तरंगत असतात, आणि विजेच्या इशाऱ्यासरशी हवे ते कण वर येऊन अक्षर उमटते. एकदा उमटलेले पान तसेच राखण्यास वीज लागत नाही. ती लागते पान उलटताना. सोनी कंपनीने २००४ साली जपानात असे यंत्र विक्रीस आणले. अॅमेझॉनचे 'किंडल' नोव्हेंबर २००७ मध्ये निघाले. त्याची किंमत ३९९ डॉलर होती, आणि पहिला साठा साडेपाच तासांत संपला.

या पाटीचे सुख नाकारण्यात अर्थ नाही. त्या पहिल्या किंडलचे वजन तीनशे ग्रॅमच्या आत, आणि त्यात सुमारे २०० पुस्तके मावत. दृष्टी मंदावलेल्या वृद्धास अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. अडलेल्या शब्दाचा अर्थ जागच्या जागी सापडतो. मराठीला मात्र थोडे थांबावे लागले. एका संगणकावरची देवनागरी दुसऱ्यावर गेली की तिचा चिवडा होई. १९९१ साली 'युनिकोड' या संकेतपद्धतीत देवनागरीस स्थान मिळाले, तेव्हा त्यावर पक्का तोडगा निघाला. किंडलवर मराठी पुस्तके २०१६ च्या अखेरीस आली. परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाला टपालाची वाट न पाहता पुस्तक मिळते, हा लाभ लहान नव्हे.

उणिवाही आहेत. नकाशे व कोष्टके लहान पडद्यावर दाटीवाटीने बसतात. मागचे चाळून पाहण्याची कागदावरची सोय येथे नाही. पण या उणिवा उद्या यंत्र सुधारले की कमी होतील. त्या शाईतल्या चरबीच्याच जातीच्या आहेत. खरा प्रश्न निराळाच आहे, आणि तो मालकीचा आहे.

जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने ग्राहकांच्या यंत्रांतून काही पुस्तके परस्पर पुसून टाकली. विकणाऱ्याकडे त्यांचे हक्क नव्हते, म्हणून पैसे परत केले गेले. त्या पुस्तकांत जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी होती. नको असलेला मजकूर सत्ताधारी नाहीसा करतात, हे दाखविणारीच ती कादंबरी! कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. तरी आपण विकत घेतो ते बहुधा पुस्तक नसून वाचण्याची मुभा असते, हे त्या दिवशी उघड झाले. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान मिटले, तेव्हाही पैसे परत मिळाले आणि पुस्तके गेली.

कागद अमर आहे असे आम्ही म्हणत नाही. १९६१ च्या पानशेतच्या पुरात पुण्यातील कितीतरी घरांतले ग्रंथ गेले. उलट पाटी फुटली तरी त्यावरचे पुस्तक दुसऱ्या पाटीवर उतरविता येते. परंतु कागदी पुस्तक शेजाऱ्यास देता येते, मुलास ठेवता येते, वाचनालयास अर्पण करता येते. गावोगावच्या वाचनालयांची कपाटे अशा देण्यांनीही भरली आहेत. ई-पुस्तक बहुधा घेणाऱ्याच्या नावालाच बांधलेले असते, आणि माणसामागे त्याचा वारसा चालत नाही. हा दोष पाटीचा नसून कराराचा आहे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी ग्रंथ सर्वांचा होतो. असे ग्रंथ कुलूप न घालता त्याच पाटीवर वाचता येतात, उतरवून ठेवता येतात आणि वाटताही येतात.

तेव्हा पाटीवर खुशाल वाचावे. मात्र जे पुढच्या पिढीच्या हाती द्यावयाचे, ते कागदावर अथवा कुलपावाचून मिळेल असे पाहावे. आपल्या वाचनालयांनीही ई-पुस्तके घेताना हाच प्रश्न प्रथम विचारावा. जुने लेखक पोथीच्या शेवटी विनवीत, की हिला तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून राखा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. नव्या पोथीला तेलापाण्याचे भय उरलेले नाही. तिला राखावयाचे आहे ते दूर बसून पान पुसू शकणाऱ्या हातापासून.