कंपनीची तिजोरी आणि अध्यक्षाचा खिसा : रेल्वे-शेअर्सचा '१८३०' हा खेळ काय आहे?

'व्यापार'चा पट बहुतेक घरांत असतो. फासे टाकायचे, जागा घ्यायच्या, भाडं वसूल करायचं. त्यात नशिबाचा वाटा मोठा. याच जातकुळीतला, पण फासे नसलेला एक खेळ म्हणजे '१८३०'. यात रेल्वे कंपन्या काढायच्या, रूळ टाकायचे, इंजिनं घ्यायची आणि त्याच कंपन्यांच्या शेअर्सची खरेदी-विक्री करायची. एक डाव चार ते सहा तास सहज चालतो.

कुणी काढला?

ब्रिटिश खेळरचनाकार फ्रान्सिस ट्रेशम यांनी १९७४ मध्ये '१८२९' हा इंग्लंडच्या रेल्वेवरचा खेळ बाजारात आणला. त्याच धर्तीवर त्यांनीच रचलेला '१८३०' अमेरिकेतल्या अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीने १९८६ मध्ये छापला. त्यानंतर अनेकांनी वेगवेगळ्या देशांवर असे खेळ काढले आणि बहुतेकांना १८ ने सुरू होणाऱ्या सालांची नावं दिली. ट्रेशम यांचं २०१९ मध्ये निधन झालं.

'१८३०' चा नकाशा अमेरिकेच्या ईशान्य भागाचा. पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क सेंट्रल, इरी, बाल्टिमोर अँड ओहायो अशा आठ कंपन्या त्यात आहेत. बाल्टिमोर अँड ओहायोची प्रवासी गाडी खरोखरच १८३० साली धावली होती.

डाव कसा चालतो?

सुरुवातीला एकूण २,४०० डॉलर खेळाडूंत सारखे वाटतात. चौघे असतील तर प्रत्येकी ६००. आधी काही छोट्या खासगी कंपन्यांचा लिलाव होतो, मग शेअर फेरी सुरू होते. प्रत्येक मोठ्या कंपनीचे शंभर टक्के शेअर्स असतात. त्यात अध्यक्षाचं प्रमाणपत्र २० टक्क्यांचं, बाकीची दहा-दहा टक्क्यांची. पहिला अध्यक्ष शेअरचा दर ६७ ते १०० डॉलरच्या दरम्यान ठरवतो. ६० टक्के शेअर्स विकले गेले की कंपनी उभी राहते आणि दहाही शेअर्सची किंमत तिच्या तिजोरीत जमा होते. दर १०० असेल तर तिजोरीत १,००० डॉलर.

मग कंपन्या चालवण्याची फेरी. अध्यक्ष षटकोनी तुकडे जोडून रूळ टाकतो, शहरात स्टेशन घेतो, गाडी चालवून उत्पन्न काढतो आणि नवी गाडी विकत घेतो. उत्पन्न आलं की त्याला दोनच पर्याय : सगळं लाभांश म्हणून वाटायचं किंवा सगळं तिजोरीत ठेवायचं. वाटलं तर शेअरचा भाव चढतो, ठेवलं तर उतरतो.

जिंकण्यासाठी मोजली जाते ती खेळाडूकडची रोख रक्कम आणि त्याच्या शेअर्सचा बाजारभाव. कंपनीच्या तिजोरीतला एक डॉलरही त्यात धरला जात नाही. खेळाची सगळी गंमत, आणि सगळी लबाडीही, या एका नियमात आहे.

गाड्या भंगारात कशा जातात?

सर्वात स्वस्त गाडी ८० डॉलरची, दोन थांब्यांची. पुढच्या १८०, ३००, ४५०, ६३० आणि शेवटचं डिझेल १,१०० डॉलरचं. कुणीही पहिली चार थांब्यांची गाडी घेतली की सगळ्यांच्या दोन थांब्यांच्या गाड्या त्याच क्षणी बाद. सहाची पहिली गाडी आली की तीनच्या बाद, डिझेल आलं की चारच्या बाद. भरपाई काही नाही. हिशेबात घसारा दरवर्षी थोडा थोडा दिसतो, इथे तो एका दिवसात अंगावर येतो.

मार्ग आहे पण गाडी नाही, अशा कंपनीला गाडी घ्यावीच लागते. तिजोरी रिकामी असेल तर फरक अध्यक्षाने स्वतःच्या खिशातून भरायचा. त्यासाठी शेअर्स विकूनही पैसे जमले नाहीत, तर तो दिवाळखोर ठरतो आणि डाव तिथेच संपतो.

कंपनी दुसऱ्याच्या गळ्यात मारणं

अनुभवी खेळाडू याचाच डाव टाकतो. समजा, एकाकडे कंपनीचे ६० टक्के शेअर्स आहेत, दुसऱ्याकडे २० टक्के. पहिला प्रत्येक फेरीत सगळा लाभांश वाटून तिजोरी कोरडी करतो. कंपनीची चांगली गाडी आपल्याच दुसऱ्या कंपनीला एका डॉलरला विकतो. नियमात ते बसतं, कारण कंपन्यांनी आपसात गाडी कितीला विकायची हे अध्यक्ष ठरवतात. मग शेअर फेरीत तो ५० टक्के शेअर्स बाजारात ओततो. भाव कोसळतो, आणि २० टक्केवाला आपोआप अध्यक्ष होतो. पुढच्या फेरीत उरलेली जुनी गाडी भंगारात जाते आणि नवीन गाडीचं बिल या नव्या अध्यक्षाच्या नावावर फाटतं.

हे कल्पनेतून आलेलं नाही. १८६८ मध्ये इरी रेल्वे ताब्यात घेण्यासाठी कॉर्नेलियस व्हॅंडरबिल्ट शेअर्स गोळा करत होते, तेव्हा डॅनियल ड्रू, जे गूल्ड आणि जिम फिस्क या संचालकांनी नवे शेअर्स काढून त्यांच्याच गळ्यात घातले. आपल्याकडे नात्यातल्या कंपन्यांमधल्या व्यवहारांवर कंपनी कायदा २०१३ चं कलम १८८ बंधनं घालतं, ते अशाच एका डॉलरच्या विक्रीसाठी.

भारताचा पट

ट्रेशम यांनी १९८९ मध्ये भारतावर '१८५३' हा खेळ काढला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, ते हे साल. यात शेअर्सपेक्षा रूळ टाकण्याला महत्त्व आहे आणि रूळही दोन रुंदीचे. आपल्या भागाला हे वेगळं सांगायला नको. पुणे-मिरज ब्रॉडगेज झाल्यावरही मिरज-बेळगाव-लोंढा मार्ग १९९० च्या दशकापर्यंत मीटरगेजच होता, आणि मिरजेत सामान घेऊन गाडी बदलणं अनेकांच्या आठवणीत आहे.

इतिहासात एक फरक मात्र मोठा होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी होती. कंपनी तोट्यात गेली तरी फरक भारताच्या महसुलातून भरला जाई. म्हणजे खिशातून पैसे काढणारा अध्यक्ष नव्हता, सारा भरणारा शेतकरी होता.

कुणासाठी?

दोन ते सहा जण खेळू शकतात, पण चौघे-पाच जण असले तर खरी मजा. पहिल्या डावात बहुतेक जण भाव चढतोय म्हणून शेअर घेतात. दोन डाव झाले की आधी तिजोरी बघतात : पुढच्या गाडीचे पैसे आहेत का, आणि अध्यक्षाच्या हातात स्वतःचे शेअर्स किती उरलेत. डीमॅट खातं उघडलेल्या कुणालाही हे दोन प्रश्न उपयोगी पडतील.