क्लचसाठी अख्खं इंजिन

जॅग्वार ई-टाइपचा क्लच बदलायचा असेल तर सगळ्यात आधी बॉनेट काढायचं. उघडायचं नव्हे, काढायचं. गाडीची जवळजवळ अर्धी लांबी म्हणजे ते बॉनेट! दोघा-तिघांनी धरून उचलायचं आणि ओरखडा न पडेल असं कुठेतरी ठेवायचं. मग रेडिएटर, पंखा, कार्ब्युरेटर, एक्झॉस्टचे पाइप, वायरी. मग आत शिरून सीट्स, मधला कन्सोल, गिअरचा दांडा. मग गाडीखाली आडवं होऊन प्रॉपेलर शाफ्ट सोडवायचा. एवढं झाल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीने बाहेर येतात. गिअरबॉक्स एकटा येतच नाही. आणि हा सगळा खटाटोप दोघांच्या मधल्या एका झिजलेल्या चकतीसाठी.

आमच्या धंद्यात याला टाइट कपलिंग म्हणतात, आणि असा कोड लिहिणाऱ्याला रिव्ह्यूमध्ये चांगलाच धुतात. पण ही गाडी बनवणारी माणसं काही बावळट नव्हती. मग असं का झालं?

सुरुवात इंजिनापासून करू. दुसऱ्या महायुद्धात कॉव्हेंट्रीवर बॉम्ब पडायचे, त्यामुळे कारखान्यात रात्री आगीवर पहारा ठेवावा लागे. कंपनीचे मालक विल्यम लायन्स यांनी पहाऱ्याच्या पाळ्या अशा लावल्या की विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली हे इंजिनवाले त्यांच्यासोबत एकाच रात्री यावेत. (ऑन-कॉलचा इतका सदुपयोग मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.) त्या गप्पांमधून एक्सके इंजिन आकाराला आलं: सहा सिलिंडर, वर दोन कॅमशाफ्ट. १९४८ च्या लंडन मोटर शोमध्ये एक्सके १२० या गाडीतून ते लोकांसमोर आलं आणि थेट १९९२ पर्यंत बनत राहिलं, शेवटी शेवटी डेमलरच्या लिमोझिनसाठी. मध्ये ब्रिटिश सैन्याच्या स्कॉर्पियन रणगाड्यातही बसलं. म्हणजे हे इंजिन टिकणारं होतं. प्रश्न ते ज्या शरीरात बसवलं त्याचा.

ते शरीर आलं रेसिंगमधून. १९५५, ५६ आणि ५७ अशी सलग तीन वर्षं ल मान्सची शर्यत डी-टाइपने जिंकली. तिची रचना विमानाच्या धाटणीची होती, आणि तिला आकार देणारे माल्कम सेयर आधी ब्रिस्टल या विमान कंपनीतच होते. ड्रायव्हर बसतो तो भाग म्हणजे पत्र्याचं मजबूत टरफल, त्याला पुढे नळ्यांची चौकट, आणि चौकटीत इंजिन. पहिल्या वर्षी चौकट टरफलाला वेल्ड केलेली होती. १९५५ पासून ती बोल्टने जोडायला लागले, म्हणजे गाडी ठोकली तर दुरुस्ती सोपी. बघा, लूज कपलिंग त्यांना चांगलंच कळत होतं! फक्त जोड कुठे ठेवायचा याचं उत्तर शर्यतीतल्या अपघातांनी दिलं.

१९६१ मध्ये जिनिव्हाला ई-टाइप आली ती हाच वारसा घेऊन. गिअरबॉक्स टरफलाच्या मधल्या बोगद्यात बसतो. बोगद्यावरचं झाकण निघतं, पण त्या भोकातून गिअरबॉक्स निघत नाही. भोक मोठं करावं, तर तिथला पत्रा हाच गाडीचा सांगाडा. रेसच्या गाडीचं इंजिन तसंही सारखं खाली उतरतं, तिथे कोणाला फरक पडत नव्हता. रोज ऑफिसला ई-टाइप नेणाऱ्या माणसाला पडला.

त्यातही एक खोच आहे. पुढच्या सस्पेन्शनचे टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या लांब सळया, मागे एका आडव्या पट्टीला टेकलेले असतात. ही पट्टी नेमकी गिअरबॉक्सखाली. सळया पीळ धरून बसलेल्या, त्यामुळे बोल्ट बेफिकिरीने काढले की पट्टी जागेवरून उडी मारते. म्हणून बरेच कारागीर इंजिन वर ओढण्याऐवजी खाली उतरवतात आणि गाडीच त्याच्यावरून उचलून घेतात. काहीजण तर पुढची चौकटच बोल्ट काढून वेगळी करतात. १९५५ ची ती सोय अजून कामाला येते आहे.

आता पुणे-मुंबईकडचा धागा. २००८ मध्ये जॅग्वार टाटा मोटर्सकडे आली. २०१७ मध्ये कंपनीने १९६८ ची एक ई-टाइप घेतली, तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स काढले आणि त्याच जागी बॅटरी आणि विजेची मोटर बसवली. नाव ठेवलं ई-टाइप झीरो. नव्या भागांचं माप आणि वजन जुन्या इंजिनाच्या जवळपास, त्यामुळे टरफल कापावं लागलं नाही आणि मनात आलं तर जुनं इंजिन परत बसवता येईल. मला ही कल्पना आवडली होती. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना 'फिवा' हिला मात्र नाही: २०१९ मध्ये तिने जाहीर केलं की अशी गाडी ऐतिहासिक वाहन राहत नाही, आणि बदल करायचाच असेल तर काढलेल्या प्रत्येक भागावर खूण करून तो जपून ठेवा.

विचार केल्यावर मला संघटनेचं पटलं. या गाडीत एक पत्र्याची पाटी असते. तिच्यावर चॅसी, बॉडी, इंजिन आणि गिअरबॉक्स असे चार नंबर ठोकलेले असतात. इंजिन काढून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवलं तरी पाटीवर त्याचा नंबर तसाच राहतो. विकत घेणारा टॉर्च घेऊन पहिल्यांदा तोच ताडून बघतो.