गोबर गुहा : वजन आणि किताब
१. मूळ नाव जतींद्रचरण गुहा (१८९२–१९७२). उत्तर कोलकात्यातल्या गोआबागानात त्यांचा आखाडा होता. उंची सहा फुटांवर, वजन शंभर किलोंहून अधिक. आपल्या तालमींत नाल उचलतात, तसे ते गळ्यात जड दगडी कडे घालून मेहनत करीत. १९२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी कुस्तीगीर अ‍ॅड सॅन्टेलला हरवून जागतिक किताब जिंकला. तो किताब मात्र लाइट हेवीवेट गटाचा. सॅन्टेल वजनाने बराच हलका होता. म्हणून लेखकाने वापरलेले ‘हेवीवेट जगज्जेता’ हे बिरुद आम्हांला मान्य नाही. तरीही कुस्ती मोठीच झाली, कारण सॅन्टेलने ज्युदोतले नामांकित खेळाडू लोळवले होते. अशा डावबाजाला नुसत्या वजनाने हरवता येत नाही. – संपादक