१७६६३१९०४९

एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लक्ष एकोणीस हजार एकोणपन्नास. दहा अंकी विषम पूर्णांक. ज्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला असता पुन्हा वर्गच येतो तो कोणता, या भास्कराचार्यांच्या (जन्म इ. स. १११४) बीजगणितातील प्रश्नाचे हे ‘ज्येष्ठ मूळ’, म्हणजे शेवटी येणाऱ्या वर्गाचे मूळ. ‘कनिष्ठ मूळ’, म्हणजे आरंभीच्या वर्गाचे मूळ, २२६१५३९८०. शून्य वगळता पूर्णांकांतील हीच सर्वांत लहान जोडी होय.

गणन : आरंभ ८² − ६१×१² = ३ असा. चक्रवाल या आवर्ती रीतीच्या एकाच फेरीत, गुणक ७ घेऊन, ३९² − ६१×५² = −४ मिळते. मुळे निम्मी करून क्षेप (उजवीकडील संख्या) −१ होतो. पुढे ब्रह्मगुप्ताच्या (इ. स. ६२८) भावनेने, म्हणजे दोन जोड्यांपासून नवी जोडी काढण्याच्या रीतीने, क्रमाने १५२३/२ व १९५/२ (क्षेप १), २९७१८ व ३८०५ (क्षेप −१) आणि शेवटी इष्ट जोडी हाती येते. कोठेही अंदाजाने चाचपडावे लागत नाही. उत्तराच्या आकारापेक्षा ही रीत अधिक मोलाची आहे.

गुणधर्म : मूळ संख्या नव्हे, अवयव ११ × ५९ × १५२३ × १७८७. यांपैकी १५२३ वरील आकडेमोडीतच दिसतो. एकाने कमी केल्यास २ × २९७१८², एकाने वाढवल्यास १२२ × ३८०५². म्हणून ही संख्या २९७१८² + ६१ × ३८०५² अशीही मांडता येते. तिला कनिष्ठ मुळाने भागल्यास ६१ चे वर्गमूळ १७ दशांश स्थळांपर्यंत बरोबर येते. शेजारच्या ६० व ६२ साठी ज्येष्ठ मुळे अवघी ३१ व ६३ आहेत. ६१ च्या जागी शंभरापर्यंतची दुसरी कोणतीही संख्या घेतली तरी लघुतम उत्तर एवढे मोठे येत नाही. १०९ साठी मात्र ते पंधरा अंकी होते.

इतिहास : चक्रवालाचे श्रेय काही अभ्यासक जयदेवाला देतात, कारण उदयदिवाकराने (इ. स. १०७३) त्याचे श्लोक उद्धृत केले आहेत. फेर्माने १६५७ मध्ये ६१ चाच प्रश्न मांडला. ब्राउंकरने रीत शोधली. उत्तर नेहमीच असते, याची सिद्धता लाग्रांझने दिली. अशा समीकरणाला पडलेले पेलचे नाव अनाठायी आहे.

पाटणचा शिलालेख : भास्कराचार्यांशी निगडित असा शके ११२८ चा लेख चाळीसगाव तालुक्यात, पाटण (पाटणादेवी) येथे आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने येथे मठ स्थापला. निकुंभ वंशातील सोईदेवाने या मठास दान दिले. लेखात भास्कराचार्यांची वंशावळही आहे. डॉ. भाऊ दाजी यांनी एकोणिसाव्या शतकात तो प्रकाशात आणला. एका गणितज्ञाच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून दिलेल्या दानाचा असा कोरीव पुरावा विरळा. खानदेशाच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान हवे.

भास्कराचार्यांचे जन्मग्राम : विज्जडविड. स्थाननिश्चितीबाबत मतभेद आहेत.