विजेच्या वेळेचा करार

धान्याचा व्यापारी कोठारे भरून ठेवू शकतो. परंतु वीज ज्या क्षणी मागितली जाते त्याच क्षणी ती निर्माण करावी लागते, आणि म्हणून हिवाळ्यातील एखाद्या संध्याकाळच्या कमाल मागणीच्या मापाने उभारलेली प्रचंड यंत्रसामग्री उरलेल्या काळात पुष्कळशी रिकामी राहते. हे मर्म ओळखून जॉन हॉपकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८९२ साली असे प्रतिपादन केले की, ग्राहकाने वापरलेल्या विजेबरोबरच त्याच्यासाठी सज्ज ठेवलेल्या सामर्थ्याचेही मोल द्यावे. इमारतींतील मागणी वेळेनुसार वळविण्याच्या विद्येचे बीज या विचारात आहे.

मात्र मागणीला आवर घालण्याचा जो सर्वांत कठोर प्रसंग ब्रिटनवर आला, तो दराने नव्हे तर हुकमाने निभावला गेला. १९४७ च्या फेब्रुवारीत हिमवर्षावाने कोळशाची वाहतूक खोळंबली, तेव्हा इंधनमंत्री इमॅन्युएल शिनवेल यांनी देशाच्या मोठ्या भागातील कारखान्यांची वीज तोडण्याचे जाहीर केले आणि घरगुती वापरास सकाळी ९ ते १२ व दुपारी २ ते ४ अशी बंदी घातली. थंडीत कुडकुडणाऱ्या कुटुंबांना या फर्मानाच्या बदल्यात काहीच मिळाले नाही.

पुढील काळात मात्र सक्तीची जागा कराराने घेतली. रात्री स्वस्त दराने जड विटा तापवून दिवसभर त्यांची ऊब घेण्याची शेगडी घरोघरी आली. १९७८ साली रात्रीच्या सात तासांसाठी ‘इकॉनॉमी सेव्हन’ या नावाची सवलतीची दरपद्धती सुरू झाली. आणि नंतरच्या दशकात तर बीबीसीच्या दीर्घलहरी प्रक्षेपणातच, श्रोत्याच्या कानाला मुळीच न जाणवणारा संकेत मिसळून, ड्रॉइटविचसारख्या केंद्रांवरून दूरदूरच्या घरांतील मीटर व शेगड्या चालू-बंद करण्याची तजवीज झाली. बातम्या ऐकविणाऱ्या लहरींनीच घराच्या उष्णतेचाही कारभार पाहावा, ही योजना खरोखर थोर होय. २०२५ पासून ती टप्प्याटप्प्याने निवृत्त होत आहे. तथापि या करारात एक उणीव होती. रात्रीच्या सवलतीबरोबर दिवसाचा दर चढा असे, आणि विटांची ऊब पुष्कळदा संध्याकाळपर्यंत ओसरून जाई; म्हणजे दिवसभर घरात असणाऱ्या वृद्धांना व आजाऱ्यांना, ज्यांना आपली गरज पुढे ढकलणे शक्य नव्हते, त्यांनाच त्याचा भार अधिक सोसावा लागे.

महाराष्ट्राला हुकमाची रीत भारनियमनाच्या वर्षांनी पुरेपूर शिकविली आहे. आता कराराची पाळी आली आहे. भारत सरकारच्या २०२३ च्या नियमांनी सूर्यप्रकाशाच्या तासांत वीज सामान्य दराहून किमान वीस टक्के स्वस्त करण्याची तरतूद केली. इंग्लंडात जी विपुलता मध्यरात्री होती, ती सौरऊर्जेमुळे आपल्याकडे माध्यान्ही आली आहे. कार्यालयांची वातानुकूलन यंत्रे, सोसायट्यांचे पाण्याचे पंप आणि विद्युत वाहनांचे चार्जिंग ही कामे त्या तासांकडे सहज वळविता येतील. परंतु ज्याचे घर दुपारी बंद असते, किंवा ज्याच्या एका खोलीत पुढे ढकलण्याजोगे यंत्रच नाही, अशा भाडेकरूवर संध्याकाळच्या चढ्या दराचा बोजा पडणार असेल, तर ती केवळ सक्तीच ठरेल. दर ठरविणाऱ्यांनी या माणसाचा विचार सर्वांत आधी केला पाहिजे.