परक्या देहांतील कलम

स्त्री जन्मास येते तेव्हांच तिच्या आयुष्यांतील बीजांची सारी पुंजी तिच्या अंडाशयांत सांठविलेली असते. ही पुंजी पुढें वाढत नाहीं. वयाबरोबर ती घटतच जाते. कर्करोगावरील तीव्र औषधें व किरणोपचार रोगाबरोबर या पुंजीचाहि नाश करूं शकतात. प्राण वांचतो, परंतु एखादी तरुण मुलगी मातृत्वाच्या आशेस कायमची मुकते. संकट येण्यापूर्वींच ही पुंजी बाजूला काढून ठेवतां आली तर? या विचाराच्या मागें शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. आणि त्यांतील एक मोठा टप्पा उंदराच्या चिमुकल्या देहांत पार पडला आहे.

आरंभ झाला तो शस्त्रवैद्यांपासून. इ. स. १८९५ मध्यें न्यूयॉर्कच्या रॉबर्ट मॉरिस यांनीं स्त्रियांवर अंडाशयाच्या तुकड्यांचें कलम करून पाहिलें. पुढच्याच वर्षीं व्हिएन्नाच्या एमिल क्नाउअर यांनीं सशांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. अंडाशय मूळ जागेवरून काढून त्याच देहांत दुसरीकडे लाविला, तरी तो जगतो, हें त्यांवरून दिसून आलें.

मग प्रश्न उभा राहिला तो असा: परक्या देहांत वाढलेलें बीज आपला मूळ गुण सोडतें काय? अमेरिकेंत विल्यम कॅसल व जॉन फिलिप्स यांनीं एका पांढऱ्या गिनीपिग मादीचे अंडाशय काढून त्यांच्या जागीं काळ्या मादीचे अंडाशय बसविले व तिचा संयोग पांढऱ्या नराशीं घडविला. तिला झालेलीं सर्व पिलें काळीं निघालीं! १९०९ मध्यें हा प्रयोग प्रसिद्ध झाला. रायवळ झाडावर हापूसचें कलम बांधलें, तरी फळ हापूसचेंच लागतें, हें कोंकणांतील बागाईतदार जाणतोच. प्राण्यांच्या बीजालाहि तोच नियम लागू पडला.

परंतु बीज वर्षानुवर्षें राखून ठेवावयाचें तर तें गोठविणें भाग होतें, आणि गोठतांना होणारे बर्फाचे स्फटिक पेशी फोडून टाकतात. १९४९ मध्यें लंडनच्या पोल्ज, स्मिथ व पार्क्स या शास्त्रज्ञांनीं ग्लिसरिन मिसळल्यास पेशी थंडींत टिकतात, असें दाखविलें. १९६० मध्यें डेल्फिन पॅरट यांनीं गोठविलेल्या अंडाशयांचे तुकडे उंदरिणींच्या देहांत बसविले व त्यांना पिलें झालीं. १९९४ मध्यें रॉजर गॉस्डेन व त्यांचे सहकारी यांनीं शून्याखालीं १९६ अंशांवर राखलेले तुकडे मेंढ्यांना परत दिले आणि त्यांतून कोंकरूं जन्मास आलें.

मेंढीला जें साधलें तें स्त्रीला साधेल काय? ही परीक्षा प्रथमच स्त्रीवर घेणें धोक्याचें, आणि प्राण्याचें शरीर तर मनुष्याचा अंश परका म्हणून झिडकारणार. ही अडचण एका व्यंगानें दूर झाली. १९८३ मध्यें फिलाडेल्फिया येथें मेल्विन बोस्मा व सहकाऱ्यांनीं अशा उंदरांचें वर्णन केलें कीं, ज्यांच्या रक्तांत परक्यास ओळखून प्रतिकार करणाऱ्या पेशीच निपजत नाहींत. असा दुबळा प्राणी कोणताहि पाहुणा सामावून घेतो. १९९६ मध्यें गोठविलेले मानवी तुकडे त्याच्या देहांत जगले. १९९८ मध्यें संप्रेरकाची जोड देतांच त्यांतील सुप्त बीजपुटकें वाढूं लागलीं. गोठणीनंतरहि बीज जिवंत राहतें, याची ग्वाही त्या उंदरांनीं दिली. उंदराच्या देहांत मानवी बीज पिकवून मूल जन्मास घालावें, हा मात्र या प्रयोगांचा हेतु नव्हता. प्राण्याचे विषाणु मानवी वंशांत शिरण्याचें भय त्यांत होतें.

२००४ मध्यें ब्रुसेल्स येथें झाक दोनेझ यांच्या देखरेखीखालीं एका स्त्रीस कन्या झाली. कर्करोगावरील उपचारांपूर्वीं, १९९७ मध्यें, तिच्या अंडाशयाचे तुकडे काढून राखलेले होते. आशेचें दार उघडलें. तथापि त्याच दारानें रोगहि परत येईल काय, ही शंका उरलीच होती. रक्ताच्या कर्करोगांत रोगट पेशी अंडाशयांतहि दडून बसूं शकतात. २०१० मध्यें दोल्मान्स व सहकाऱ्यांनीं अशा रोग्यांचे तुकडे उंदरांत लावून सहा महिने वाट पाहिली. त्यांतील कांहीं उंदरांना तोच रोग जडला. ते तुकडे त्या मुलींना परत दिले असते, तर मातृत्वाच्या हातानें मृत्यूच परत दिल्यासारखें झालें असतें.

२०१९ मध्यें अमेरिकेंतील प्रजननवैद्यकाच्या संस्थेनें या उपचारावरील ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढून टाकला. अनेक स्त्रियांच्या मांडीवर आज त्याचें फळ खेळत आहे. रक्ताच्या कर्करोगांतून वांचलेल्या मुलींसाठीं मात्र बीज देहाबाहेर, कांचेच्या पात्रांत पिकविण्याचे प्रयत्न चालले आहेत. त्यांची वाट अजून संपलेली नाहीं. पण कोणत्या वाटेनें जाऊं नये, हें त्यांना वेळींच कळलें, आणि तें सांगतांना त्या मुक्या प्राण्यानें आपला जीव दिला.